सरांनी तपासलेले टूल

त्या गुन्ह्याचे दोषारोपपत्र न्यायालयात गेले, फाईल माझ्या टेबलावरून हलली, पुढे मी निवृत्त झालो. डोक्यातून मात्र ते प्रकरण गेले नाही. कोणाचे नाव इथे लिहिणार नाही. पण एका माणसाविषयी जे खोटे छापून आले, ते माझ्या तोंडून निघालेले होते. ते दुरुस्त करायला मी फार उशीर केला आहे.

मी तेव्हा संग्रामपूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. बंदोबस्त वाटून मी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात भाजीचा एक अडत्या बरीच माणसे घेऊन आत शिरला.

"साहेब, बुडलो आमी! त्या मास्तरले उचला आधी."

"कोणता मास्तर?"

"शाळेतला गणिताचा. त्यानं सांगतलं टूल चांगलं हाय, म्हून टाकले पैसे. आमाले काय समजते त्याच्यातलं?"

प्रकार असा होता. बुलढाण्यात कार्यालय थाटून बसलेला एक तरुण मोबाईलवर चालणारे एक टूल वर्गणी घेऊन विकत असे. ते रोज सकाळी हजारो शेअर आणि डॉलर-रुपयासारख्या चलनांच्या जोड्या चाळून मोजकी नावे काढून देई. हीच घ्या, वाढणार. त्यात 'बॅकटेस्ट' नावाची एक सोय होती. मागची कोणतीही तारीख टाकली की टूलने त्या दिवशी काय निवडले होते आणि पुढे त्याचे काय झाले, ते पडद्यावर दिसे. जवळजवळ प्रत्येक वेळी नफा. व्यवहार त्याच तरुणाच्या ॲपमधून करायचे. लोकांनी खाती उघडली, पैसे घातले. रोजची निवड आपटू लागली, आणि उरलेले पैसे काढायला गेले तर ॲप नुसते फिरत राही.

मी सरांना बोलावले. बोलावले हा सभ्य शब्द झाला. शिपाई पाठवून भरल्या वर्गातून आणले आणि ठाण्याच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून दिवसभर बसवले. बाजार होता. येणारा-जाणारा थांबून पाहत होता. कोणी म्हणाला, "काय सर, आज गणित चुकलं वाटते!" लोक हसले. मी आतून ऐकत होतो. गुन्हासुद्धा अजून नोंदवला नव्हता. संध्याकाळी वार्ताहराने विचारले, तेव्हा मी सांगून टाकले, "मास्तर संशयित आहे." दुसऱ्या दिवशी मथळा आला की गणिताच्या शिक्षकाने गावाला गंडवले. शाळेने त्यांना रजेवर जायला सांगितले.

चौकशीत मी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, कमिशन किती मिळालं?"

"कसलं कमिशन? लोकं म्हणाले तपासून द्या, म्हणून मी तपासलं."

"कसं तपासलं?"

"शाळा सुटल्यावर रोज बसलो. मागच्या तारखा टाकल्या. टूल दाखवते त्या किमती बाजाराच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाह्यल्या. एक किंमत खोटी निघाली नाही, साहेब. बेरीज-वजाबाकी सारी बरोबर."

"मग लोक बुडाले कसे?"

"तेच तर समजून नाही राह्यलं."

मला ते उत्तर बनेल वाटले. पुढे बुलढाण्याहून त्या तरुणाला ताब्यात घेतले. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द. "सर, आम्ही फक्त टेक्नॉलॉजी देतो. निर्णय कस्टमरचा. 'जोखीम तुमची' असा डिस्क्लेमर खाली दिलेला आहे. बॅकटेस्टमध्ये एक जरी चुकीची किंमत दाखवलीत, तर मी ऑफिस बंद करतो." आणि थोड्या वेळाने सहज बोलल्यासारखे म्हणाला, "तुमचे ते शिक्षक आमचे प्रमोटरच होते. त्यांचं पर्सेंटेज ठरलेलं होतं."

आणि मी विश्वास ठेवला. गावात उभे आयुष्य शिकवलेल्या माणसाचे म्हणणे मला बनाव वाटले, आणि आरोपीचे म्हणणे कबुली वाटली. कारण ते बाजारातल्या ओरडण्याशी आणि वर्तमानपत्राशी जुळत होते. आज हे लिहिताना माझा मलाच संताप येतो.

तपास फिरला तो वेगळ्याच कारणाने. माझा रायटर, म्हणजे लिखापढी सांभाळणारा हवालदार, टेबलावर बसून एका घरफोडीचा पंचनामा लिहीत होता. घटनेला दोन दिवस होऊन गेले होते. मी भडकलो, "जागेवर लिहिला नाहीस? इथे बसून काय लिहितोस?"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, इथं बसून लिवलेला जास्त जुळते. काय चोरी गेलं, कोठून शिरला, सारं मालूम झालेलं असते ना मंग."

त्याला मी शिव्या घातल्या. घालता घालता मला ते टूल आठवले. उलटतपासणीत वकील असेच पंचनामे फाडतात, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असते. त्यातला तपशील खरा असतो, सह्या खऱ्या असतात. फक्त सगळे कळल्यानंतर लिहिलेले असते. टूलच्या किमती खऱ्या होत्या. पण निवड कधी लिहिली गेली?

आरोपी कोठडीत होता, तरी टूल बाहेरच्या सर्व्हरवर आपोआप चालू होते आणि सरांची वर्गणी संपली नव्हती. मी दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून बोलावले. बाजार उघडण्यापूर्वी सरांच्या खात्यातून त्या दिवशीची निवड काढली, कागदावर छापली, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचे सील लावून पाकीट मुद्देमालात ठेवले. आठवड्याने तेच पंच, तेच खाते. त्याच तारखेचा बॅकटेस्ट काढला आणि पाकीट फोडले.

पाकिटातल्या कागदावरची जी नावे त्या आठवड्यात पडली होती, ती पडद्यावर नव्हतीच. त्यांच्या जागी वाढलेली नावे येऊन बसली होती. एकही किंमत खोटी नव्हती.

समोर बसलेल्या सरांनी कागदावरची एकेक ओळ बोट ठेवून पडद्याशी ताडली. मग म्हणाले, "मी उत्तरं तपासत बसलो, साहेब. पेपर परीक्षेच्या आधी निघाला का नंतर, ते पाह्यलंच नाही."

मी आरोपीला समोर बसवले. कागद पाहिल्यावर त्याची इंग्रजी आटली.

"साहेब, या धंद्यात सगळेच असं करतात."

"आणि मास्तरचं पर्सेंटेज?"

"तुम्हीच त्यांना धरलं होतं ना. म्हटलं, तेवढाच भार कमी होईल."

माझा हात उठता उठता राहिला. उठला असता तरी तो कोणावर उठायला हवा होता, हे मला कळत होते. सायबर शाखेने त्याच्या लॅपटॉपमधून निवड मागाहून बदलणारा प्रोग्रॅम काढला. बँकेच्या नोंदींत सरांकडे एक रुपया गेलेला नव्हता. उलट त्यांची स्वतःची पुंजी त्याच ॲपमध्ये गेली होती.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारले.

"तुम्ही विचारलं नाही. अन् मी काऊन रडू, साहेब? लोकं माह्या शब्दावर बुडले."

दोषारोपपत्रात सर साक्षीदार झाले. मी वार्ताहराला फोन करून दुरुस्ती छापायला सांगितली. तो हसला. "साहेब, निर्दोष मास्तर कोण वाचते?" मी एवढ्यावर थांबलो. संपादकाला लिहू शकलो असतो, शाळेत जाऊ शकलो असतो. बदलीचा आदेश आला होता. सामान बांधायला वेळ मिळाला, याला मिळाला नाही. सरांनी पुढे गाव सोडले.

नंतर व्याख्यानांत मीसुद्धा म्हणत असे, "लोभ नडला लोकांना." हे बोलणे आळशी आहे. त्या लोकांनी पैसे लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारले होते, आणि त्याने आपल्या परीने कसून तपासले होते. याहून जास्त शहाणपण साध्या माणसाने कुठून आणायचे? असले टूल आजही खुशाल विकले जाते. कोणी पुढे केले तर त्याने दाखवलेला मागचा नफा पाहू नका. आज ते काय सांगते ते आजच छापा, दुसऱ्याची सही घ्या, बंद करून ठेवा, महिना-दोन महिने एक पैसा न लावता ताडत राहा. विकणारा घाई करू लागला, तर उत्तर तिथेच मिळाले.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच की मीही तेच टूल चालवत होतो. गुन्हेगार आधी ठरला, मग त्याला जुळणारे तेवढे मी उचलले आणि न जुळणारे गाळले. फरक इतकाच की माझ्या अंगावर खाकी वर्दी होती, म्हणून कोणी सील लावून माझी परीक्षा घेतली नाही.

त्या गावातल्या कोणी हे वाचले, तर त्याने चार लोकांत मोठ्याने वाचावे. सर त्या धंद्यात नव्हते. त्यांनी कोणाला फसवले नाही. त्यांना ओट्यावर बसवण्याचा आदेश माझा होता, आणि तेव्हा माझ्याकडे त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हते.