यमूचं गाणं आणि आबांची नाडी

डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी मी काय दिवे लावले, ते ऐकायचंय? मग आधी हातातला चहा खाली ठेवा.

पावस गावच्या आबांच्या छातीत धडधडतं म्हणून बोलावणं आलं. गौरी-गणपतीचे दिवस. रत्नागिरीहून निघालो, तरीतून भाट्याची खाडी ओलांडली, पुढे बैलगाडी. पोचल्यावर पाहतो तर छाती तपासायची नळी दवाखान्यातच राहिलेली. म्हटलं, नाडीवर भागवू.

आबा ओटीवर पडून होते. त्यांना काही विचारलं की उत्तर त्यांची बायको, काकू, देत. मला त्यात वावगं वाटलं नाही. बहुतेक घरांत असंच असतं, नाही का?

मी आबांचं मनगट धरलं आणि आत त्यांची मुलगी यमू घावनांचे तांदूळ दळता दळता ओवी म्हणू लागली. काय आवाज होता, सांगू! हाताखाली नाडी अगदी संथ चालली होती. मग शेजारच्या मुली आल्या, फुगडीची गाणी सुरू झाली, यमूचा सूर सगळ्यांच्या वर. नाडी उधळली. पुढे भाचा रडला म्हणून तिनं पाळणा म्हटला, तशी नाडी पुन्हा निवली.

अहो, अंगावर काटा आला माझ्या. शिकताना मी काळीज चिरून पाहिलं होतं. त्यात गाण्याला जागा कुठे असते ते कुणी दाखवलं नव्हतं. आणि इथे भिंतीआडची एक पोर नुसत्या गळ्यानं त्याची चाल बदलत होती. हे आपल्यालाच सापडलं, या विचारानं मी भारावून गेलो.

"काकू, धडधडीचं मूळ सापडलं," मी म्हणालो. "यमूचं गाणं. महिनाभर बंद."

आतला पाळणा थांबला.

"गौरी आल्यात घरात. त्यांच्यापुढे मुक्यानं बसायचं?" आतून यमूचा आवाज आला.

"आबांच्या जिवाचा प्रश्न आहे."

यमू दारात आली. डोळे भरलेले. काकू गोंधळून म्हणाल्या, "पण डॉक्टर, यांना ऐकू कुठं येतं? विहिरीचा सुरुंग उडाला तेव्हाच कान गेले."

मी आपल्या हाताकडे पाहिलं. आबांच्या मनगटावर माझा अंगठा! नाडी बोटांनी पाहावी, अंगठ्यात आपलीच नाडी उडते, हा आमचा पहिला धडा.

"मग इतका वेळ धावत होती ती नाडी कुणाची?" काकूंनी विचारलं.

थाप मारली असती, पण यमूचं गाणं गेलं असतं. "माझी," मी म्हणालो. "गाऊ दे तिला. आबांना त्याचा काही त्रास नाही."

"आणि तुम्हाला?" दारातून यमूनं विचारलं.

तेवढ्यात आबा उठून बसले. त्यांनी माझं मनगट ओढलं, त्यावर नीट तीन बोटं ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "अगो, माझं राहू दे. आधी ह्याला पाणी दे. ह्याचंच काही खरं दिसत नाही."