पंपाची गोल काच

“दादाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता, वहिनी. झाकण काढून बघितलं मी, मशिनच्या पंपात तेल न्हवं, ताक झालंय,” काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला सांगत होते.

मी बाहेर सँडलचे पट्टे सोडत होते. सांगलीहून कराडपर्यंत उभी आले होते, पुढं बसायला जागा मिळाली तीही चाकावरची. बॅगेत लॅपटॉप होता आणि त्याला चिकटून तेलाची बाटली. वर्तमानपत्रात गुंडाळली होती तरी सगळ्या बॅगेला वास लागला होता. गाड्या धुवायच्या मशिनच्या पंपाला तेल लागतंय, येताना घेऊन ये, एवढंच आईनं फोनवर सांगितलं होतं.

“मग काय करायचं म्हणता, भावजी?” आईनं विचारलं.

“दसरा झाला की मशिन न्हेतो माझ्याकडं. आन् स्कूटरची किल्ली बी काढून घ्यू. कुठं आपटला म्हंजे?”

“तुमीच सांगा त्यांना. मला जमायचं न्हाई.”

माझे पट्टे केव्हाच सुटले होते. तरी मी थोडा वेळ तशीच वाकून राहिले. घरातली बरीचशी बोलणी मी अशीच ऐकली आहेत, आणि ऐकून काही न बोलता आत गेले आहे.

पप्पांनी फौजेतून निवृत्त झाल्यावर हे मशिन घेतलं. पाण्याच्या जोरानं चिखल काढणारं, दोन चाकांचं, हाताच्या पाइपला बंदूक असलेलं. त्यांच्याबरोबरचे कुणी बँकेच्या दारात उभे राहिले, कुणी ऊस लावला. पप्पा आळीतल्या गाड्या धुवायला लागले, फुकट. खंडेनवमीला आमच्या दारात मोटारसायकलींची रांग लागते आणि ते सकाळपासून दुपारपर्यंत भिजलेले असतात. त्या दिवशी ते जेवढं बोलतात तेवढं एरवी महिनाभरात बोलत नाहीत.

पावसाळ्यात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि पातेलं जळेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. नंतर एकदा स्कूटरवरून येताना आमची आळी मागं टाकून पुढं वाईच्या रस्त्याला लागले. तेव्हापासून त्यांनी एखादं नाव आठवायला वेळ घेतला की सगळे एकमेकांकडं बघतात. मीही बघते. शनिवार-रविवार घरी येते आणि दोन्ही दिवस त्यांच्यावर नजर ठेवण्यात जातात. सोमवारी पहाटे बस पकडताना वाटतं, आपण घरी गेलोच नव्हतो, आणखी एका ड्यूटीवर जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी पप्पा बनियनवर अंगणात बसले होते. समोर मशिन आणि पान्हा.

“आणलंस तेल? चल, गाड्या यायच्या आत उरकू.”

मशिन नवं होतं तेव्हा त्याचं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं होतं. “तुझं इंग्लिश मीडियम येऊ दे कामाला.” मी वाचत मराठीत सांगत गेले. पंपाच्या बाजूला एक रुपयाएवढी गोल काच असते, तेल किती आहे ते त्यातून कळतं, इथवर आले आणि तिला मराठीत काय म्हणावं ते मला सुचेना. “बघायची काच,” मी म्हणाले. “म्हणजे डोळा,” ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं तिला डोळाच म्हणतो.

“दोन मिनिटं चालू दे. तेल गरम झालं की पातळ होतं, सगळं निघतं,” ते म्हणाले. मग मशिन बंद केलं, वायर काढून गुंडाळली, नळ बंद केला आणि बंदुकीचा चाप दाबून पाइपातलं उरलेलं पाणी सोडून दिलं. “आत प्रेशर ठेवून नटाला हात लावायचा नाही.” सगळं क्रमानं. मी वाट बघत होते, कुठं चुकतात याची. कुठं चुकले नाहीत.

खालचा नट सोडला. मी आइस्क्रीमचा रिकामा डबा धरला. त्यात जे पडलं ते खरंच तेलासारखं नव्हतं, दुधाळ, जास्त दूध घातलेल्या चहासारखं. आत पाणी गेलं की असं होतं. पप्पांनी डबा उजेडाकडं कलता करून बघितला.

“मी दर आठवड्याला डोळ्यात बघतो. पिवळं असतं. चांगलं पिवळं.”

मी नट परत बसवला, वरचं झाकण काढलं, कागदाचं नरसाळं करून त्यात लावलं आणि तेल ओतायला लागले.

“बस,” पप्पा वाकून काचेत बघत म्हणाले. “भरलं.”

बाटली जवळजवळ भरलेलीच होती. मी जेमतेम दोन घोट ओतले असतील. काका बरोबर म्हणत होते तर. आता मशिन जाईल, किल्ली जाईल, आणि पप्पा दिवसभर टीव्हीसमोर बसतील. मी फरशीवर गुडघे टेकून स्वतः काचेत पाहिलं.

काच पिवळी होती. काठोकाठ.

मी तिच्यावरून अंगठा फिरवला. पिवळं माझ्या अंगठ्याला लागलं, थोडं लालही. पुन्हा जोरात पुसलं. मागं काच स्वच्छ निघाली आणि काचेमागं काहीच नव्हतं.

आई दर अमावास्येला मशिनची पूजा करते. स्कूटरची करते, मिक्सरचीसुद्धा. हळद मी आणते, सांगलीहून. ओल्या बोटानं लावलेली ती हळद त्या खोलगट काचेत थरावर थर बसत गेली होती.

“अजून घालते,” मी म्हणाले आणि काच अर्धी भरेपर्यंत ओतत राहिले.

पप्पांनी पुन्हा वाकून पाहिलं. त्यांना माझा पिवळा अंगठा दिसला नाही. अर्धी काच दिसली.

“मघाशी तर भरलं होतं,” ते म्हणाले. “मग मला काय दिसत होतं, बाळ?”

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. वर्षानुवर्षं जे तिनं मनापासून केलं, ते असं अंगणात उभं राहून सांगायचं कसं, मला कळेना. तिच्यामागून काकाही आले.

“झालं का दादा, लोणी काढून?”

एरवी पप्पांनी पाण्याची बंदूक त्यांच्यावर रोखली असती. आज त्यांनी चिंधीला हात पुसले, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि न विचारताच काकांपुढं धरली.

“ठेव तुझ्याकडं. मशिन पण ने.”

काकांनी हात पुढं केला नाही. “असू दे की रं, दादा. लगीच कशाला,” ते पुटपुटले. काल एवढं सांगणारे काका चपलेकडं बघत होते. किल्ली तशीच पप्पांच्या हातात राहिली.

आई यातलं काही न बघितल्यासारखं करून मशिनपाशी बसली. तिनं बोट पाण्यात बुडवून हळदीत टेकवलं.

“मशिनचं कपाळ पुसलंस व्हय गं? लख्ख झालंय,” ती मला म्हणाली आणि बोट काचेकडं नेलं.

मी तिचं मनगट धरलं. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. असं कुणी बघितलं की मला एरवी एक शब्द फुटत नाही.

“आई, ते कपाळ नाही, डोळा आहे,” मी म्हणाले. “पप्पा बघत होते दर आठवड्याला. त्यांना तेलाच्या जागी तुझी हळद दिसत होती.”