परवाचा पॅच

कचेरीच्या स्मरणिकेत माझ्यावर एक लेख छापून आला आहे. आमची फाइल-प्रणाली कर्नेलमध्ये कशी गेली, त्याची ती कथा. एका बाईंनी चुकीचा पॅच पाठवून सारे काम मातीत घातले आणि मी मोठ्या मनाने तो प्रमाद पोटात घालून काम तडीस नेले, असे लेखक म्हणतो. खोट्या पायावरची स्तुती मी घेत नाही.

आमची प्रणाली एका फाइलचे तुकडे अनेक दूरच्या यंत्रांवर, म्हणजे सर्व्हरांवर, ठेवते. वापरणाऱ्याला मात्र ती फाइल आपल्याच यंत्रात आहे असे वाटते. हा भास घडवणारा भाग, म्हणजे क्लायंट, संगणकाच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, बसवायचा होता. कर्नेलचे राखणदार परदेशात. ते ओळन् ओळ तपासत. पॅच, म्हणजे कर्नेलमध्ये घालायचा कोडचा तुकडा, ज्याच्या सहीने जाई, त्याच्याच नावावर दोष लागे. सही बाईंची असावी, असे व्यवस्थापकाने ठरवले होते. बाई कळवणच्या, चाळिशीच्या, कंत्राटावर. पॅच स्वीकारला गेला तर त्या कायम होणार, नाही तर घरी. हे सर्वांना ठाऊक होते. मलाही.

एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणून क्लायंट तिला कुलूप लावतो; कोणते कुलूप कधी लावायचे, हा क्रम माझा होता. शुक्रवारच्या बैठकीत बाईंनी तो फळ्यावर मांडला.

"सर, हे अडकणार," त्या म्हणाल्या. "क्लायंट कुलूप धरून सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतोय, अन् सर्व्हर म्हणतोय, आधी कुलूप सोड. दोघं व्याही 'तुम्ही आधी बसा, तुम्ही आधी बसा' करत उभे, अन् पंगत उपाशी!"

सगळे हसले. व्यवस्थापकाने तर चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, कर्नेल म्हणजे कळवणचा मांडव नव्हे," मी म्हणालो. त्यावर कोणी हसले नाही.

शनिवारी मी माझ्याच क्रमाने पॅच पुरा करून त्यांच्या हवाली केला. बाईंची स्वतःची दुरुस्ती बुधवारी तयार होणार होती. सोमवारी सकाळी मी माझ्या मेजावर, कोणाला न सांगता, शनिवारच्या पॅचची चाचणी घेतली. यंत्र गोठले. अगदी त्यांनी सांगितले होते त्याच जागी.

'तुमची दुरुस्ती पाठवा.' एवढे तीन शब्द पुरले असते. ते माझ्या तोंडून निघेनात. त्यांच्या मेजाजवळून जाताना मी म्हणालो, "परवाचा पाठवा."

"परवाचाच ना, सर? नक्की?"

"दोनदा सांगायची मला सवय नाही."

मला बुधवारचा अभिप्रेत होता. बाईंना शनिवारचा वाटला. काही स्नेही म्हणतात की दोष भाषेचा. आमचा 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. हेही मला मान्य नाही. 'परवा होईल तो' म्हटले असते तर लहान मूलही चुकले नसते. पॅचमधला दोष कळत असून बाईंनी तो पाठवला कसा, असे लेखक विचारतो. ज्याने कंत्राटावर एक दिवसही काढलेला नाही, तोच हा प्रश्न विचारू शकतो.

बाईंनी तीनला पॅच पाठवला. चार वाजता मी राखणदारांची जाहीर यादी उघडली, जिथे आलेला प्रत्येक पॅच सर्वांना दिसतो, आणि शनिवारचाच पॅच तिथे पाहिला. 'चुकून गेला, मागे घेत आहोत' अशी एक ओळ लिहिली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. शुक्रवारचे ते हसणे माझ्या कानात होते. मी यादी मिटली आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी राखणदाराने साऱ्या जगासमोर लिहिले की या सहीच्या माणसाला कर्नेलजवळ फिरकू देऊ नये. बाईंनी ते वाचले आणि मान खाली घालून दुरुस्ती पुरी केली. बुधवारी ती मी पाठवली. माझ्या सहीने, कारण त्यांची सही आता चालणार नव्हती. ती स्वीकारली गेली. त्यांचे कंत्राट संपले.

जाताना त्या माझ्यापाशी आल्या.

"सर, त्या दिवशी चारला तुम्ही यादी उघडली होती. माझं टेबल तुमच्या मागंच हाय."

"'हाय' नव्हे, 'आहे'," मी म्हणालो.

स्मरणिकेचा लेखक शेजारच्याच खुर्चीत बसत असे. त्याने हे ऐकले होते, तरी 'मोठे मन' लिहिले. ते त्याने काढावे. तो क्लायंट त्यानंतर एकदाही अडकलेला नाही, आणि त्यावरची माझी सही मी काढणार नाही.