खऱ्याचे डाग

दिग्रसला दारव्हा रोडवर वाहिदचं गॅरेज आहे. आता ते म्हणायलाच वाहिदचं. गुडघे गेले, नजर उतरली, तसं इंजिनाचं काम मुलानं, अब्रारनं, हातात घेतलं आणि बापाच्या वाट्याला गाड्यांच्या आतली साफसफाई आली. दुसरा एखादा रुसून खाटेवर पडला असता. वाहिद रुसला नाही. "इंजिन त सगळेच पाह्यतात," तो म्हणायचा, "पण माणूस बसते कुठं? आतच ना!"

त्याचं काम मोठं चिवट. दात घासायचा जुना ब्रश, शाम्पूचं कोमट पाणी आणि बांबूच्या काडीला पीळ देऊन गुंडाळलेला कापूस, एवढीच हत्यारं. पंख्याचं बटण, रेडिओची चकती, काट्यांच्या काचेची कड, जिथं बोट पोचत नाही तिथं त्याची काडी पोचायची. गाडीत देव बसवलेला असला तर मात्र त्याला तो हात लावत नसे. मालकालाच हाक मारी आणि देव उचलायला लावी. ज्याचा देव त्यानं सांभाळावा, आपण मळ पाहावा, हे त्याचं ठरलेलं.

तांड्यावरचा नेमसिंग त्याचा जुना दोस्त. नेमसिंगची अँबेसिडर म्हणजे सगळ्या तांड्याचीच गाडी. नवरी तिच्यातूनच जायची, बाळंतीण तिच्यातूनच यायची, आणि शेजारच्या सीटवर नेमसिंगची बायको जमनी असायचीच. बाळंतिणीला धीर द्यायला तीच, नवरीबरोबर रडायलाही तीच. मागच्या उन्हाळ्यात जमनी गेली आणि नेमसिंगनं गाडीला हात लावणं सोडलं. मग माणसांत येणंही सोडलं. असा जिवाभावाचा माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला वाहिदला बघवेना. हा एकदा त्या गाडीत बसला की सावरेल, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून नेमसिंग महागावला सोयऱ्यांकडे गेल्याचं कळताच तो तांड्यावर गेला आणि त्याच्या लेकीकडे, उज्ज्वलाकडे, चावी मागितली.

"चाचा, बाबाले विचारून तरी घ्या ना," उज्ज्वला म्हणाली.

"विचारलं त तो नाईच म्हणन, बेटी. मी हाव ना! अशी चमकवतो, पाह्यत राह्यशील."

गाडी गॅरेजवर आली. आतला अवतार पाहून वाहिदनं कपाळाला हात लावला. देव काही नव्हता गाडीत, तेव्हा कुणाला हाक मारायचा प्रश्न नव्हता. पण एकूण एक बटणाच्या खाचेत काळपट लाल थर बसला होता. रेडिओची चकती तर त्या थरानं पार जाम झाली होती. नेमसिंगला सुपारी-तंबाखूच्या खऱ्याचं भारी वेड, दिवसभर पुडी तळहातावर घोटत राहायचा. वाहिदला वेगळं काही सुचलंच नाही. "खर्रा घोटते अन् बोटं बटणाले पुसते हा बहाद्दर!" तो अब्रारला म्हणाला. "म्हतारा झाला, पण सुधारला नाई." दोस्ताला मनसोक्त शिव्या घालत, हसत, त्यानं सगळा दिवस त्या खाचा कोरून काढल्या. लाल झालेल्या कापसाचे बोळे पायाशी पडत गेले. जमनी गेल्यापासून इतका खुशीत तो नव्हता.

नेमसिंग एसटीतून उतरून थेट गॅरेजवर आला. गाडी इथं असल्याचं लेकीनं फोनवर सांगितलं होतं. वाहिदनं नवरदेवासाठी उघडावं तसं दार उघडलं. नेमसिंग घुटमळला, आणि मग बसला. बसला एकदाचा! वाहिदचं काळीज सुपाएवढं झालं.

नेमसिंगचा हात रेडिओच्या चकतीवर गेला. मग पंख्याच्या बटणावर, मग दिव्याच्या. एकेक चाचपून त्यानं आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं.

"इथलं लाल कुठं गेलं, वाहिदभाई?"

"लाल? तुहा खर्रा तो! सकाळपासून काढून राह्यलो, हात दुखून आला माहा."

"खर्रा नाई," नेमसिंग म्हणाला. "कुंकू होतं ते. जमनीचं."

दसऱ्याला गाडीच्या तोंडाला सगळेच कुंकू लावतात. जमनी आत बसून एकेका बटणाला लावायची. "कोणतं बटण काय करते, मले काय मालूम? एखादं राह्यलं अन् रुसलं त रस्त्यात उभं करन!" म्हणायची. नेमसिंग तिला हसायचा, पण पुसायचा नाही. दर दसऱ्याला जुन्यावर नवं चढत गेलं. तिच्या हातचं तेवढंच मागं उरलं होतं.

"देव असता त मी हात नसता लावला रे," एवढंच वाहिद कसंबसं म्हणाला.

"तुले काय मालूम," नेमसिंग म्हणाला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. खाली उतरून तो उकिडवा बसला, गळ्यातला दुपट्टा जमिनीवर पसरला आणि लाल बोळे एकेक करून त्यात वेचले. एक टायरखाली गेला होता, तोही काडीनं ओढून घेतला. मग गाठ मारून उठला.

"अन् गाडी?" वाहिदनं विचारलं.

"राहू दे तुह्यापाशी. मले न्यायचं ते घेतलं मी."

तो स्टँडकडे चालू लागला. वाहिदनं त्याला हाक मारली नाही, कुठल्या तोंडानं मारणार? तो गाडीत जाऊन बसला. समोर सगळं लख्ख होतं. त्यानं रेडिओची चकती फिरवून पाहिली. इतकी वर्षं अडलेली चकती नुसत्या बोटानं फिरली, आणि वाहिद हमसून हमसून रडायला लागला.