तिखाडीचा वास

आणीबाणीच्या सुमारास मी दिघोरीला मास्तर होतो. शाळेच्या वाटेवर, नाल्याकाठी, एक माणूस भट्टीवर तिखाडी गवत उकळून तेल काढायचा. त्या सुगंधी तेलाचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. मी दिसलो की तो बाटली पुढे करायचा.

"वास येते का जी?"

"तुम्हाला येत नाही?"

"रोजच्यानं नाक मेलं माहं." त्यानं भट्टीत लाकूड सारलं. "घरी गेलो का बायको दारातच नाक दाबे. म्हणे, आला गवतवाला. मागच्या पोळ्याले वारली ते."

मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्यापुढे धरला.

"पाहा बरं, याले येते का अजून?"

मी नाक दाबलं. तो माझ्या हाताकडे पाहतच राहिला.