पट्टीआड गेलेले हात

आमची सूनबाई टीव्हीवर दिसायची, पण कोपऱ्यात. मधोमध आरोग्यमंत्री, आणि खाली उजवीकडे एका गोल चकतीत ही. काळा सदरा, केस घट्ट बांधलेले, हातात ना अंगठी ना घड्याळ. मंत्री बोलायचे ते ही हातांनी सांगायची, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. साथ यायच्या आधी ती अशाच मुलांच्या शाळेत शिकवत होती आणि गल्लीपलीकडे तिला कुणी ओळखत नव्हतं. मग साथ आली, रोज संध्याकाळी नवे नियम यायला लागले आणि खात्याने तिला बोलावून घेतलं. तेव्हापासून दूधवालासुद्धा विचारायचा, "त्या हातवाल्या बाई तुमच्याच ना?"

लोकांचं काय सांगावं! एका गृहस्थांनी खात्याला फोन करून तक्रार केली, की सगळ्या देशाला मास्क लावायला सांगता आणि ही बाई तोंड उघडं टाकून उभी. अहो, त्या भाषेतलं निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, ओठ आवळले की नकार. मास्क लावला तर निम्मं वाक्य गिळल्यासारखंच की! पण हे त्या शहाण्याला कोण सांगणार? कुणी तिला दुकानात गाठून भांडायचं, "दुकानं एवढ्या लवकर का बंद करायला लावलीत?" जसं काही हिनेच ठरवलं. ही आपली हसून म्हणायची, "मी फक्त सांगते हो." माझं डोकं फिरायचं.

"ऐकून काय घेतेस? चांगलं सुनव ना एकदा!"

"जाऊ दे आई. त्यांना कुणाला तरी बोलायचं असतं."

असा तिचा स्वभाव. मला तर ही घरात आल्यावर पहिली दोन वर्षं वाटायचं, या पोरीला राग येतो की नाही? भीती वाटते की नाही? तोंडावर कधी काही दिसेल तर शपथ. आणि टीव्हीवर मात्र मंत्र्यांच्या वाक्यावर हिचा चेहरा इतका बोलायचा, की मी बघत राहायची.

घरात तेव्हा दोन पक्ष होते. आमचे हे उघडा पक्षाचे. जन्म बंदरावर मालाच्या नोंदी करण्यात गेला, त्यामुळे "जग बंद करून कुणाचं भलं झालंय?" हे त्यांचं सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं. मी बंद पक्षाची. बाहेरून एक माणूस आत घेऊ नका, विमानं जमिनीवर ठेवा, असं माझं स्पष्ट मत. माझी थोरली बहीण पहिल्या लाटेत गेली, मला तिचं तोंडही बघता आलं नाही. कुणीतरी कुठूनतरी घेऊन आलं म्हणूनच ना? त्यावर हे म्हणायचे, आता तरी लस आलीय. मी म्हणायची, लस आलीय तसा विषाणूही दर वेळी नवं रूप घेऊन येतोय. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई माझ्या बाजूच्या, तळमजल्यावरचा सहली नेणारा यांच्या बाजूचा. जिन्यात सगळे भेटले की टीव्हीवरच्या चर्चेची गरजच उरत नव्हती. मुलगा औषधांच्या कारखान्यात कामाला, घरी फक्त झोपायला यायचा, म्हणून तो वाचला.

आणि आमच्या या भांडणाच्या मध्ये एकदम आला दणक्या.

दणक्या म्हणजे सूनबाईचा धाकटा भाऊ. नाव मी ठेवलं. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे आपण केवढा आवाज करतोय याचा पत्ता नसतो. दार लावेल तर भिंत हलेल, कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर जमिनीवर पाय आपटेल. आईवडील लवकर गेले, हिनेच त्याला वाढवला. हिची भाषाही त्याच्यासाठीच शिकलेली, शाळा-बिळा सगळं नंतर. लाकडावर कोरीवकाम करतो, हात असा की बघत राहावं. साथ जरा ओसरली तेव्हा परदेशातल्या एका कारखान्यात काम मिळालं, म्हणून हट्टाने गेला. तिथे सगळे मास्क लावून, ओठ दिसेनात, त्यामुळे कोण काय म्हणतंय कळेना. बहिणीला व्हिडिओवर सांगायचा, दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नाही. काम संपलं, परतीचं तिकीट काढलं, खोलीही सोडायची ठरली. आणि नेमका त्याच देशात तो नवा विषाणू सापडला. जगात दुसरा देश नव्हता त्याला!

त्या दोन दिवसांत टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. चार चौकोनांत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. एक म्हणे आजच विमानं बंद करा, दुसरा म्हणे तो विषाणू केव्हाच इथे पोचला असेल, बंद करून काय उपयोग? यांनी माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखं "बंद करा" म्हणायला तोंड उघडलं आणि माझी जीभच वळेना.

"बोला ना," हे म्हणाले.

"बंदच करा," मी म्हटलं, "पण आमचा एवढा आत आल्यावर."

हसले ते. हसू देत. खरं होतं तेच मी बोलले.

सूनबाई आरशासमोर उभी राहून त्या नव्या विषाणूची खूण घोटवत होती. एक मूठ, मागे दुसऱ्या हाताची पसरलेली बोटं, ही जुनी खूण, आणि नव्यासाठी ती बोटं आता जागा बदलायची. "घाबरलीस का गं?" मी विचारलं. "आई, ही खूण नीट दिसते का लांबून?" एवढंच म्हणाली. मला चीड आली. सख्खा भाऊ अडकलाय आणि हिला खुणेची पडलीय!

निर्णय सांगायच्या दिवशी संध्याकाळी खात्याची गाडी तिला घेऊन गेली. दणक्याचं विमान दुसऱ्या सकाळी होतं. विमानतळ त्याच्या गावापासून लांब, आणि तिथे जाणारी शेवटची बस थोड्याच वेळात सुटणार होती. विमान येऊ देणार असतील तर लगेच निघायला हवं, नाहीतर पुढचं विमान कधी ते कुणालाच माहीत नाही. आणि येऊ देणार नसतील तर निघून उपयोग नाही, कारण एकदा खोली सोडली की परत देणार नव्हते, विमानतळावर थंडीत पडून राहायची वेळ येणार. म्हणून तो बॅग पाठीला लावून, फोनवर आपल्या बहिणीला बघत बसला होता. ती सांगेल तसं करायचं, असं ठरलेलं.

मंत्री बोलायला लागले. ते वाक्य मला अजून पाठ आहे. "सदर देशातून येणाऱ्या प्रवाशांचा प्रवेश पुढील आदेशापर्यंत स्थगित राहील, तथापि ज्यांनी पूर्वीच आरक्षण केले आहे अशांच्या बाबतीत विहित अटींच्या अधीन राहून ही स्थगिती तूर्त लागू होणार नाही, परंतु याचा अर्थ प्रवेश खुला आहे असा काढता येणार नाही."

"गेलं!" मी म्हटलं. "स्थगित म्हणाले."

"अगं, लागू होणार नाही म्हणाले!"

"खुला नाही म्हणाले, ऐकलं नाही का?"

"तू तुझ्या सोयीचं तेवढंच ऐकतेस."

"माझ्या सोयीचं? माझ्या सोयीचं हे आहे का?"

आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं. पडद्याच्या खालून एक लाल पट्टी सरकत आली होती. मोठी बातमी, मोठी बातमी, असं काहीसं. ती पट्टी नेमकी सूनबाईच्या चकतीवर. वर डोकं आणि खांदे दिसत होते, भुवया हलत होत्या, आणि हात पार पट्टीआड गेले होते. देशातल्या ज्या लोकांसाठी तिला तिथे उभं केलं, त्यांना तिचं फक्त डोकं दिसत होतं!

यांचा फोन वाजला. दणक्याचा निरोप. "ताईचे हात दिसत नाहीत. काय म्हणाले? निघू?"

आता आमच्या अकलेचे दिवे बघा. माझा चष्मा सापडला, मी माझ्या फोनवरून लिहिलं, "बंद झालं. खोली सोडू नकोस." आणि त्याच वेळी शेजारी बसून यांनी त्यांच्या फोनवरून लिहिलं, "चालू आहे. लगेच निघ." दोन्ही निरोप एकदमच पोचले. एकाच घरातून, एकाच सोफ्यावरून. तिकडून त्याने नुसती तीन प्रश्नचिन्हं पाठवली. बिचारा.

"तुम्ही का लिहिलंत?" मी ओरडले.

"तू का लिहिलंस?"

मग माझा पारा चढला तो त्या पट्टीवर. सूनबाईला फोन करून उपयोग नव्हता, सगळ्यांचे फोन सभागृहाबाहेर ठेवून घेतात. पण तिला ने-आण करणारा खात्याचा ड्रायव्हर बाहेर पॅसेजमध्ये बसलेला असतो, आणि त्याचा नंबर माझ्याकडे होता, उशीर झाला की मीच त्याचं डोकं खायची. लावला फोन.

"अहो ड्रायव्हरसाहेब, उठा आधी! तिथे चित्र सोडणारी माणसं कुठे बसतात?"

"बाजूच्या खोलीत. का हो काकू? काय झालं?"

"त्यांना सांगा, पट्टी काढा. हातावर आलीय. माझ्या सुनेचे हात दिसत नाहीत!"

"मी कसं सांगू काकू, मला आत..."

"दार ढकला आणि सांगा! नोकरीवर आलं तर माझं नाव घ्या. नाहीतर फोन त्यांच्या कानाला लावा, मी बघते."

त्याने खरंच फोन नेऊन कुणाच्या तरी कानाला लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, बातमी महत्त्वाची आहे, पट्टी लागते." मी म्हटलं, "अहो महाराज, तुम्ही बातमीने बातमी झाकलीय! ज्याला ऐकू येत नाही त्याने काय तिच्या भुवया बघून विमानात बसायचं?" पलीकडे मग कुणीतरी म्हणालं, "अरे खरंच की." आणि पट्टी गेली.

पण मंत्र्यांचं ते वाक्य तर होऊन गेलं होतं. आता प्रश्नोत्तरं चालली होती. मी हात जोडून बसले. हे माझ्याशेजारी येऊन बसले, भांडण विसरून. आणि मागच्या रांगेतल्या एका बातमीदार मुलीने, देव तिचं भलं करो, विचारलं, "साहेब, ज्याच्याकडे उद्याचं तिकीट आहे त्याने यायचं की नाही?" मंत्री पुन्हा लांबण लावायला लागले. सूनबाईने हात हवेत तसेच धरले, वाक्य पुरं होईपर्यंत थांबली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "उद्याचं तिकीट असेल तर यावं. सात दिवस हॉटेलात राहावं. परवापासून नाही."

आणि तिने ते सांगितलं. मला ती भाषा येत नाही, पण तेवढं मलाही कळलं. तिकीट. उद्या. ये. खोली, दार बंद. नंतर विमान नाही. त्या भाषेला लागते त्यापलीकडे तोंडावरची एक रेषा हलली नाही. तो पलीकडे बघतोय, बॅग लावून बसलाय, हे तिला माहीत होतं, आणि तरीही ती साऱ्या देशाला सांगावं तसंच सांगत होती.

फोन वाजला. "कळलं. बसमध्ये बसलो." माझा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ दुसरा निरोप आला, "तुम्ही दोघं एकच फोन वापरा."

सूनबाई घरी आली तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं. तिथे म्हणे समोर नुसता प्रखर दिवा असतो, आपण कसे दिसतोय ते कळत नाही. मी पट्टीचं सांगितलं, निरोपांचं सांगितलं. ती हात धुवायला निघाली होती, तिथेच स्टुलावर बसली. मग उठून हात धुतले.

तो आला. सात दिवस हॉटेलात डांबला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, चला, लांबून तरी बघून येऊ. हॉटेलखालच्या रस्त्यावर दहा-बारा घरची माणसं माना वर करून उभी. कुणी फोन कानाला लावून हात हलवतंय, कुणी तोंडाचा कर्णा करून ओरडतंय, "ऐकू येतंय का? काय? काय म्हणालास?" वरची माणसं काचेला कान लावतायत. खिडक्या उघडत नव्हत्या, कुणाचं काही कुणाला पोचत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर दणक्या आला. काचेवर अशी थाप मारली असणार, की शेजारच्या खिडकीतली बाई दचकली. आणि मग ही दोघं जी बोलायला लागली! काच नाही, अंतर नाही, काही नाही. शेजारी बसून बोलावं तसं. तो काय हसत होता, ही काय रागवत होती. मी तिचे हात रोज बघत आलेली, पण ते नेहमी दुसऱ्याचं सांगणारे. हे हात मी बघितलेच नव्हते. सगळा रस्ता ओरडायचा थांबून यांच्याकडे बघायला लागला.

"बरा आहे ना पोरगा?" यांनी विचारलं.

"बरा दिसतोय," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायची शुद्ध नव्हती. खूप वेळ झाला तशी मी तिला म्हटलं, "अगं, एवढं काय चाललंय?"

ती वरच बघत होती. "त्याला विचारलं, तिथे एकटा होतास तेव्हा भीती वाटली का. म्हणतो, नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला वाटली." तिचा आवाज फुटला. "खूप वाटली, आई."

मी तिचा हात धरायला गेले आणि थांबले. हात तिला हवे होते, तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले.