शालनवहिनीच्या दीडशे पिशव्या

महिना होत आला. वास्कोच्या घरी मी तांदूळ निवडत बसले होते, आणि पेडण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, आई गेली," सुदेश एवढंच म्हणाला. मी विचारलं, "मशीनवर बसली होती?" "ना, न्हिदेंतच." झोपेत गेली होती. असा प्रश्न कुणी विचारतं का… पण गेली दोन वर्षं मी त्याच भीतीत होते, आणि ती भीती सुदेशला सांगायची नाही, असं वचन त्याच्या आईला देऊन बसले होते.

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लवकर गेला. पेडण्याच्या बाजाराजवळ लोकांचे ब्लाउज शिवून तिनं सुदेशला वाढवलं. उरलेले तुकडे ती टाकत नसे. खणाचे, रेशमी, सुती असे वेगवेगळ्या अभ्र्यांत भरून ठेवी आणि त्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवी. बारशाला, मुंजीला लोक त्या हौसेनं वाटत. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना काजू घालून द्यायला दीडशे पिशव्या मी तिच्याकडेच मागितल्या. महिन्याभरानं बघायला गेले, तर चाळीसही झाल्या नव्हत्या. बोलता बोलता तिचा उजवा हात थरथरू लागला. तिनं तो पटकन मांडीखाली दाबला आणि माझा चेहरा बघून हसली. "भियेव नाका, बाय. सगळ्यो जातल्यो." वेळेत होतील सगळ्या, म्हणाली.

मी मुळातच घाबरट. परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांसमोर रिकाम्या हातानं जाणारे पाहुणे येत होते. दुसऱ्याच दिवशी मडगावला गेले, जाळीच्या दीडशे तयार पिशव्या आणल्या आणि कपाटात चादरींमागे लपवल्या. लग्नाला चार दिवस असताना वहिनी दोन गाठोडी घेऊन आली. एकशे पन्नास, पूर्ण. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात अंथरायला चादर काढावी म्हणून तिनं कपाट उघडलं… मी कप घेऊन बाहेर आले, तर जाळीच्या पिशव्या तिच्या मांडीवर. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरें केलंस, बाय," ती म्हणाली. "माझो माकाच भरवसो नासलो."

मग तिनं गाठोडं सोडून दाखवलं. शिवण सगळी झाली होती, पण निम्म्या पिशव्यांत नाडीच नव्हती. हाताला नाडी ओवायची पिन धरवत नव्हती. डॉक्टरांनी कंपवात सांगून दोन महिने झाले होते. "सुदेशाक सांगू नाका. तो मशीन बंद करतलो. मागीर हांव दिसभर करूं कितें?" मी हो म्हटलं. दोन दिवस ती शेजारी बसून बोलत राहिली आणि मी नाड्या ओवत राहिले. लग्नात तिच्याच पिशव्या वाटल्या. पुढे दर महिन्याला मी पेडण्याला जाऊ लागले. तिनं शिवायचं, मी ओवायचं. दर वेळी सुईखालची तिची बोटं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. सांगून टाकावं का, हा विचार परतीच्या वाटेवर पणजीपर्यंत सोबत असे. मी सांगितलं नाही.

बाराव्याला सुदेशनं मला तिच्या खोलीत नेलं. "आत्या, तुका खबर आसलें?" मी मान हलवली. त्यानं मशीनवरचं झाकण काढलं. फळीच्या उजव्या कडेला कापडाचे चार-पाच तुकडे जोडून केलेली एक पट्टी दोन्ही टोकांना खिळे ठोकून सैल बसवलेली होती. तिला नेफा होता, नेफ्यात नाडी. हे मलाही ठाऊक नव्हतं. मी असले की ती त्यावर कापड टाकून ठेवत असणार. सुदेशनं आपला हात त्या पट्टीखाली घालून बघितला. तो रुंद हात आत जाईना. माझा गेला. नाडी ओढल्यावर मनगट लाकडाला टेकलं आणि हलेनासं झालं. बोटं तेवढी मोकळी राहिली. सुदेश माझ्याकडे बघत उभा होता… मला बराच वेळ हात काढवेना.